पडलेली वास्तू कोणाच्या पैशाने उभी करायची?



'ऐतिहासिक वास्तूंचे जतन' हा निबंध आपण दरवर्षी लिहितो. "प्राचीन वास्तू हा आपला अमूल्य ठेवा आहे" इथून तो सुरू होतो आणि "त्यांचे रक्षण करणे हे आपले कर्तव्य आहे" इथे संपतो. मीच तुम्हाला तो असा लिहायला शिकवलाय आणि त्याला गुणही दिलेत. पण या वर्षी नववीच्या वर्गात एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, भूकंप झालाय, माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहतायत आणि सरकारने पैसे देवळाला द्यायचे? मग माणसांचं काय?"

तेवढ्यात घंटा झाली म्हणून मी सुटलो. आज तिचं उत्तर लिहून बघतो. हे निबंधाच्या साच्यात बसणारं नाही, तेव्हा परीक्षेत जसंच्या तसं उतरवू नका.

आधी घरचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात जवळपास १० हजार माणसं गेली. मी तेव्हा चौथीत होतो. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून थोडं लांब, म्हणून आम्ही वाचलो. आमचा वाडा जुना. दोन-दोन हात जाड दगडी भिंती, आत मातीचा गारा, वर माळवद, म्हणजे लाकडावर टाकलेला मातीचा जाड थर. या भागातली बहुतेक घरं अशीच होती आणि झोपलेली माणसं त्याच दगडमातीखाली सापडली. आमच्या वाड्याची मागची भिंत गेली, ढाळज आणि पुढचा सोपा उभा राहिला.

सरकारने जागतिक बँकेचं कर्ज घेऊन मोठं पुनर्वसन केलं. ५२ गावं नव्या जागी वसवली. ज्या गावांचं नुकसान कमी होतं, तिथे घराच्या दुरुस्तीला आणि मजबुतीला अनुदान मिळालं. आमच्या दादांनाही (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) मिळालं. बहुतेकांनी केलं तेच त्यांनी केलं. वाडा दुरुस्त करण्याऐवजी अंगणात विटांची एक खोली बांधली, वर स्लॅब टाकला. दगडाच्या भिंतीखाली झोपायची कोणाची हिंमतच नव्हती. आईने तर दोन वर्षं त्या सोप्यात पाऊल टाकलं नाही. पुढे कधीतरी एक लाकडाचा व्यापारी आला आणि नक्षीचे खांब, तुळया, चौकट सगळं ट्रकमध्ये भरून घेऊन गेला. त्या पैशात मोटार दुरुस्त झाली आणि ताईच्या लग्नाचा थोडा खर्च निघाला.

दादा चुकले का? मला आजही तसं म्हणवत नाही. म्हणून त्या मुलीचा प्रश्न ऐकून मला वाईट वाटलं नाही. तो प्रश्न माझ्या आईचाच होता.

मग २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही काही शिक्षक काठमांडूला गेलो, पशुपतिनाथाच्या निमित्ताने. तिथे २५ एप्रिल २०१५ ला, शनिवारी दुपारी बाराच्या आसपास, ७.८ रिश्टरचा भूकंप झाला होता. जवळपास ९ हजार माणसं गेली, लाखो घरं पडली आणि काठमांडू खोऱ्यातली शेकडो देवळं, सत्तल, वाडे कोसळले. सत्तल म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा. त्यातली सगळ्यात मोठी होती काष्ठमंडप. एकाच झाडाच्या लाकडातून ती बांधली अशी दंतकथा आहे आणि शहराचं नावही तिच्यावरूनच पडलं. भूकंपाच्या दिवशी तिथे रक्तदान शिबिर चालू होतं. रक्त द्यायला आलेली माणसं त्या लाकूड-विटांखाली गेली.

हे कळलं तेव्हा मी तिथे थोडा वेळ गप्प उभा राहिलो. आपण 'आधी माणसं की आधी वास्तू' म्हणतो तेव्हा वास्तू म्हणजे कुलूप लावलेली, फलक ठोकलेली जागा डोळ्यापुढे असते. इथे तर लोक बसत होते, भाजी विकत होते, रक्त देत होते. आपल्या गावचा पार, चावडी आणि देऊळ एकत्र केलं तर जे होईल, ते काष्ठमंडप.

आता पैशाचं. नेपाळ सरकारने घर पडलेल्या कुटुंबाला ३ लाख नेपाळी रुपये, तीन हप्त्यांत, असं अनुदान ठरवलं. वास्तूंसाठी पैसा वेगळ्या वाटेने आला. काही सरकारचा, काही पालिकांचा, काही परदेशांचा. त्यात आपलाही आहे बरं का. भारताने २५ कोटी डॉलरचं अनुदान कबूल केलं, त्यातले ५ कोटी डॉलर सांस्कृतिक वारशासाठी होते. म्हणजे तुम्ही दुकानातून काही वस्तू घेताना जो कर भरता, त्यातला कणभर तिकडच्या एखाद्या देवळाच्या विटेत आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. पैसा मंजूर झाला म्हणजे वास्तू उभी राहिली असं होत नाही. सरकारी पैसा खर्च करायचा तर निविदा काढायची, सगळ्यात कमी रक्कम सांगणाऱ्याला काम द्यायचं. रस्त्याला हे ठीक आहे. पण नक्षीची खिडकी कोरणारा सुतार कमी भावात आणि घाईत कसा मिळणार? शिवाय आपल्याकडे जसं 'मार्चअखेर' असतं, तसं नेपाळचं आर्थिक वर्ष असार महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यावर संपतं. त्या आत पैसा संपवायचा. लाकूड वाळायला वेळ लागतो, चुना-सुरखी मुरायला वेळ लागतो. त्यांना असार कळत नाही.

राणीपोखरीत हेच झालं. राजा प्रतापमल्लाने १६७० मध्ये, मुलाच्या मृत्यूने खचलेल्या राणीसाठी बांधलेलं हे तळं. दुरुस्तीला ठेकेदार लागला आणि जुन्या विटांच्या जागी काँक्रीट आलं. शहरातले लोक रस्त्यावर उतरले, काम थांबलं, काँक्रीट निघालं आणि पुन्हा वीट-मातीत काम करून २०२० मध्ये ते पुरं झालं. म्हणजे त्याच कामाला लोकांचा पैसा दोनदा लागला.

काष्ठमंडपाचीही निविदाच निघणार होती. लोकांनी ती अडवली. मग खर्च मुख्यतः महानगरपालिकेचा आणि काम ठेकेदाराऐवजी एका समितीकडे, असं ठरलं. दरम्यान पुरातत्त्व विभाग आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी पाया खणून पाहिला. पाया निघाला सातव्या शतकातला, समजुतीपेक्षा कितीतरी जुना, आणि अजून धडधाकट! मग इमारत पडली का? चार मुख्य खांबांपैकी एक खांब खालच्या दगडाच्या खोबणीत बसलेलाच नव्हता. आधीच्या दुरुस्तीत फरशी घालताना तो तसाच राहून गेला होता. मुलांनो, दुरुस्तीला पैसा देणारे खूप असतात, खांब खोबणीत बसला की नाही हे वाकून बघणारा पगारी माणूस हवा असतो.

भक्तपूरला तर मी आत शिरतानाच कुरकुर केली. भारतीय पर्यटकाला प्रवेशशुल्क ५०० नेपाळी रुपये! आपले साधारण ३१२ रुपये. देवळं बघायला पैसे कसले, असं मी म्हणालोसुद्धा. नंतर समजलं की पालिका हाच पैसा वास्तूंच्या कामाला वापरते. या पालिकेने जर्मनीची मोठी मदत अटी पटल्या नाहीत म्हणून नाकारली आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यातल्या उपभोक्ता समित्यांकडून कामं करून घेतली. भूकंपात पडलेलं वत्सला दुर्गेचं दगडी देऊळ पुन्हा उभं आहे. शेजारच्या चौकातलं १७०२ सालचं पाच मजली न्यातपोल १९३४ आणि २०१५ या दोन्ही भूकंपांत टिकलं.

पूर्वी तिथे 'गुठी' असायच्या. देवळाच्या नावाने जमीन, तिच्या उत्पन्नातून पूजा, जत्रा आणि दुरुस्ती. आपल्या देवस्थान इनामासारखंच. भूकंप कधी येईल हे माहीत नसलं तरी शाकारणीचा पैसा दरसाल यायचा. बऱ्याच गुठींच्या जमिनी नंतर हातातून गेल्या. २०१९ मध्ये गुठींबाबत नवा कायदा येऊ लागला तेव्हा हजारो लोक विरोधात उतरले आणि सरकारला विधेयक मागे घ्यावं लागलं.

तर त्या मुलीला मी काय सांगू? पहिल्या वर्षी घरंच, यात वादच नको. पण 'आधी घरं' म्हणता म्हणता वास्तूचं लाकूड व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये जातं, हे मी पाहिलंय. पहिल्या आठवड्यात पडलेल्या विटा, तुळया गोळा करून, नंबर घालून झाकून ठेवायला फार पैसा लागत नाही. तेवढा तरी सरकारने लगेच द्यावा. पुढचा सावकाश द्या, पण निविदेच्या आणि मार्चअखेरच्या कचाट्यातून सोडवून द्या. आम्हाला १९९३ मध्ये कोणी सांगितलं असतं की तुमचा सोपा पाडू नका, लाकूड राहू द्या, दहा वर्षांनी बघू, तर दादांनी ऐकलं असतं का? कदाचित नसतंच ऐकलं. पण सांगायला कोणी आलंही नाही.

परत आल्यावर मी दादांना मोबाईलवर काष्ठमंडपाचे फोटो दाखवले, खोबणीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ एका खांबाचा फोटो मोठा करून बघत होते. मग म्हणाले, "आपल्या ढाळजेतला उजवा खांब पण असाच हलायचा. तुझ्या आजोबांनी शहाबादी फरशी घातली ना, तेव्हापासून."