कोबॉल : कर्त्याच्या नावाची ओळ

व्यापारी व प्रशासकीय व्यवहारांसाठी १९५९ साली अमेरिकेत आखल्या गेलेल्या कोबॉल या संगणकभाषेच्या मुळाशी वाचकाविषयीची एक श्रद्धा होती. ग्रेस हॉपर यांच्या ‘फ्लो-मॅटिक’चा वारसा घेऊन आलेल्या या भाषेने गणिती चिन्हांऐवजी इंग्रजी शब्द पत्करले. तिच्यात क्रियापदे आहेत, परिच्छेद आहेत, आणि वाक्य पूर्णविरामाने संपते. संगणकशास्त्र न जाणणाऱ्या व्यवस्थापकालाही ही संहिता वाचता यावी, अशी अपेक्षा होती. हा अभिप्रेत वाचक प्रत्यक्षात क्वचितच अवतरला. तिला लाभलेले वाचक तिच्या निर्मात्यांच्या कल्पनेबाहेरचे होते.

त्यांपैकी एक १९९८ साली अंधेरीतील एका कार्यालयात बसून एका अमेरिकन बँकेच्या आज्ञावली वाचत होता. साठवण महाग होती त्या काळात वर्षाचे दोनच अंक नोंदवले जात. २००० साल उजाडताच ‘००’ म्हणजे १९०० असा अर्थ लागण्याचा धोका होता. म्हणून ओळीओळीतून तारखा हुडकायच्या होत्या. त्याच्यापुढील संहितेच्या आरंभी, ओळख-विभागात, ‘ऑथर’ या शब्दापुढे एक नाव होते. ही ओळ म्हणजे केवळ टीप. तिच्यातून यंत्राला कोणतीही आज्ञा मिळत नाही. भाषेच्या १९८५च्या प्रमाण-आवृत्तीने ती कालबाह्य ठरवली, २००२च्या आवृत्तीने वगळली. रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली लेखकाचा मृत्यू घोषित केला. यंत्राने तो आधीच गृहीत धरला होता.

दुरुस्ती करणाऱ्याला मात्र लेखकाला इतक्या सहज निरोप देता येत नाही. एका अटीपाशी तो दोन दिवस अडला. मुदतीचे वर्ष ‘९९’ असल्यास खाते बंद करू नये, असे तेथे लिहिले होते. शब्द स्वच्छ होते, व्याकरण निर्दोष होते, तरी अर्थ लागत नव्हता. अखेरीस उमगले, की हे साल नव्हेच. ‘मुदत नाही’ एवढे सांगणारी ती एक खूण होती. तो अर्थ संहितेत कोठेही नव्हता; तो लिहिणाऱ्याच्या हेतूत होता, आणि लिहिणारा केव्हाच दृष्टीआड झाला होता.

मग त्याने स्वतःची भर घातली : ५०पेक्षा लहान आकडा २०००नंतरचा, उरलेले आधीचे मानावेत. शेजारी टिपेत आद्याक्षरे आणि तारीख घातली.

एप्रिल २०२०मध्ये, महासाथीत बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला असता, न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केले. तेथील यंत्रणा ४०हून अधिक वर्षांच्या जुन्या होत्या. निवृत्तीकडे झुकलेल्या त्या वाचकाने ही बातमी वर्तमानपत्रात वाचली. साहित्यकृती वाचकाविना पडून राहू शकते, पुढे कोणी उघडेपर्यंत वाट पाहू शकते. ही संहिता वाट पाहत नाही. तिला समजणारा कोणी उरो वा न उरो, ती रोज कोणाचे तरी पैसे देत असते किंवा अडवीत असते.

त्याची दुरुस्ती २०४९पर्यंतच पुरणारी आहे. ती आज्ञावली तोवर टिकलीच, तर कोणीतरी त्या ‘५०’पाशी अडेल आणि हाच आकडा का, असे विचारील. आद्याक्षरे आणि तारीख त्याला सापडेल. कारण मात्र त्याने लिहून ठेवलेले नाही.