अर्धा बर्थ

आमच्याकडे रेल्वेचं तिकीट नुसतं काढून भागत नाही, ते नंतर ‘व्हावं’ लागतं. प्रवासाच्या आठवडाभर आधीपासून शेजारीपाजारी विचारू लागतात, “काय बाई, तिकीट झालं का?” झालं म्हणजे कन्फर्म झालं. नाही झालं तर वेटिंग. आणि धड झालंही नाही, धड राहिलंही नाही अशी जी मधली तिसरी अवस्था, तिचं नाव आर.ए.सी. कुणी आपलं तिकीट रद्द केलं तर तुम्हाला बर्थ. नाही केलं तर बसायला जागा. गाडीत चढायचा हक्क पक्का, आडवं व्हायचा नाही. गेल्या वीस वर्षांत मी एकटीनं जे प्रवास केले त्यांतले निम्म्याहून अधिक या तिसऱ्या अवस्थेत केले आहेत, आणि ते मला कन्फर्म प्रवासांपेक्षा जास्त लक्षात आहेत.

ज्यांच्यावर ही वेळ आली नाही (असे भाग्यवान आपल्या भागात थोडेच) त्यांच्यासाठी सांगते. डब्याच्या वाटेकडेच्या बाजूला खालचा जो बर्थ असतो, त्याची मधली पाठ उभी केली की समोरासमोर दोन खुर्च्या होतात. त्या दोघांना मिळून एक बर्थ. भाडं मात्र प्रत्येकी पूर्ण बर्थचं! पूर्वी स्लीपरच्या डब्यात असे पाच बर्थ आर.ए.सी.साठी असत, २०१७ सालापासून सात केले, म्हणजे चौदा माणसं. मध्यंतरी २००७च्या सुमारास बाजूच्या दोन बर्थच्या मध्ये तिसरा घुसवायचा प्रयोगही झाला होता. त्या काळात खालच्या माणसाला मान वाकवूनच बसावं लागे. पुढं दोन वर्षांत तो काढून टाकला, हे बरं झालं.

आम्ही हुमनाबादचे. गावात रेल्वे नव्हती. एस.टी.नं साठ किलोमीटर गुलबर्ग्याला जायचं आणि संध्याकाळी हैदराबादहून येणारी हुसेनसागर पकडायची, की पहाटे कल्याण. गाडी हैदराबादेतच भरून येते. गुलबर्गा मधलं स्टेशन, त्याच्या वाट्याला जागा थोड्या. म्हणून आमचं तिकीट सहसा ‘होत’ नाही.

२००४ साली हे गेले. थोरली मुलगी डोंबिवलीला, धाकटी शिकत होती. तोवर मी कधी एकटी सोलापूरच्या पुढं गेले नव्हते. थोरलीच्या बाळंतपणाला निघाले तेव्हा दीर म्हणाले, “वहिनी, कन्फर्म झालं तरच जावा. रात्रभर परक्या माणसाजवळ बसून जायचं म्हणजे काय?” त्यांचं म्हणणं वाईट नव्हतं. पण बाळंतपण काही तिकीट होईतो थांबत नाही. मी गेले.

परक्या माणसाजवळ बसायचं म्हणजे पहिला प्रश्न भाषेचा. महाराष्ट्रातल्या माणसाला याची कल्पना येणार नाही. तो तोंड उघडतो आणि मराठी बोलतो. आम्ही आधी माणूस पाहतो. लुगड्याचा काठ, कुंकवाची आडवी रेघ की गोल टिकली, डब्याला बांधलेलं फडकं, हातातलं वर्तमानपत्र, आणि मग मनाशी ठरवून पहिला शब्द टाकतो. “स्वल्प सरीरी” म्हणायचं, की “जरा सरको अम्मा”, की “थोडं सरकता का हो”. ठरवलेलं चुकतं तेव्हा मजा येते. एकदा मी अर्धा तास एका बाईंशी माझ्या शाळेतल्या कन्नडमध्ये बोलत होते, त्याही तितक्याच अडखळत उत्तर देत होत्या. शहाबाद की वाडीचा विषय निघाला आणि त्यांच्या तोंडून “अगंबाई” निघालं. दोघी हसून दमलो. त्या भालकीच्या निघाल्या.

गाणगापूरहून परतणारे लोक भेटले, बंदेनवाजच्या उरुसाला येऊन चाललेले भेटले. एका म्हाताऱ्या दख्खनी अम्मांनी मला पुण्यापर्यंत आपल्या चार सुनांच्या कागाळ्या सांगितल्या आणि निम्म्या रात्री स्वतःची रजई माझ्या पायांवर टाकली. सगळेच असे नसतात. शहाबादी फरशीचा एक व्यापारी पूर्ण बर्थवर पाय पसरून घोरत होता, तिकीट दाखवलं तर म्हणाला, “तुमची जागा आहे ना, मग बसा की.” बसायला हातभर कोपरा होता. तशीच बसून गेले. हेही प्रवासातच जमेस धरावं लागतं.

पण ज्या प्रवासासाठी हे लिहायला बसले तो २००९ सालचा. बर्थ तेवीस, माझ्या समोर एक तिशीतली बाई. जेवर्गीकडची. कन्नडशिवाय भाषा येत नव्हती. मांडीवर मोठा पिवळा लिफाफा, तो ती खाली ठेवीना. मी भाकरी आणि शेंगाचटणी पुढं केली तर तिनं तिच्याकडची कडक रोट्टी काढली; दोन्ही एकाच जोंधळ्याच्या. गाणगापूर रोड गेल्यावर ती बोलू लागली. नवरा मुंबईला टाटा हॉस्पिटलात होता, त्याच्याजवळ दीर. हिनं दोन एकरांतलं एक विकून पैसे आणले होते आणि ते कमरेला बांधले होते. दीर म्हणाला होता, दादरला उतरून टॅक्सी कर, मला इथून हलता येत नाही. तिनं तोवर गुलबर्गासुद्धा दोनदाच पाहिलं होतं.

सोलापूर सोडल्यावर टी.सी. आले. चार्ट चाळून मला म्हणाले, “मावशी, एकोणीस नंबर रिकामा आहे. वरचा.” यादीत माझा नंबर तिच्या आधी, म्हणून बर्थ मला. मी वर पाहिलं. माझे गुडघे तेव्हाही असेच होते. तिला विचारलं तर ती कमरेवर हात ठेवून नको म्हणाली. पैसे घेऊन अंधारात वर एकटी कशी झोपणार? तेवढ्यात बेसिनपाशी एक पोरगा पेपर अंथरून बसलेला दिसला. कॉलेजातला, वेटिंगचं तिकीट. मी टी.सी.ना म्हटलं, याला वर झोपू द्या, आम्ही दोघी इथंच बसतो. ते म्हणाले, “हे नियमात बसत नाही. नंतर तक्रार करायची नाही हं.” आणि पुढं गेले. पोरगा वर चढला.

रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. ती कन्नड वाचायची, चौथीपर्यंत शिकलेली. नोकरीसाठी मला कन्नडची परीक्षा द्यावी लागली होती. तेव्हा मी त्या सक्तीवर बरीच चरफडले होते, पण लिपी हातात बसली ती बसली. मी कन्नड अक्षरांत मराठी वाक्यं लिहून दिली. ‘मला टाटा हॉस्पिटलला जायचं आहे.’ ‘मला मराठी येत नाही, सावकाश सांगा.’ ‘मीटर टाका.’ ती बोट ठेवून वाचायची. ‘जायचं’मधला च तिला काही केल्या जमेना, कन्नडात तो उच्चारच नाही, ती ‘जायच्यं’ म्हणायची. मी म्हटलं, असू दे, मुंबईला कळेल. गेली तीसेक वर्षं मी मुलांना शुद्धलेखन शिकवत होते. इतक्या मन लावून वाचणारी विद्यार्थिनी मिळाली नव्हती.

पहाटे कल्याण जवळ आलं. वरचा पोरगा उतरून चपला शोधत होता. तो म्हणाला, “मावशी, मी दादरलाच उतरतो. यांना हॉस्पिटलला सोडू का?” तिला मराठी समजलं नाही, पण विषय आपला आहे हे समजलं. तिनं माझ्याकडं पाहून विचारलं, “होगला, अव्वा?” जाऊ का?

गाडीचा वेग कमी होत होता. हा पोरगा कोण, कुठला, मला काय ठाऊक? चेहरा सरळ होता. पण सरळ चेहऱ्यांच्या गोष्टी आपण पेपरात वाचतोच. नको म्हणावं तर ती एकटी, दादरची गर्दी, कमरेला एक एकर जमीन. हो म्हणावं तर या पोराच्या हवाली मी तिला करणारी कोण? ज्या बाईला काल संध्याकाळपर्यंत मी ओळखत नव्हते, तिनं आपला सगळा भरवसा माझ्या एका शब्दावर टाकला होता. आणि मला तोच शब्द दुसऱ्या अनोळखी माणसाबद्दल द्यायचा होता. मी कन्नडमध्ये तिला सांगितलं, टॅक्सीपर्यंत त्याच्याबरोबर जा, टॅक्सीत एकटी बैस, कागद हातातच ठेव. आणि मराठीत त्याला सांगितलं, बाळा, टॅक्सीचा नंबर लिहून तिच्या हातात दे. तो “हो” म्हणाला. मी उतरले. गाडी हलली तेव्हा ती खिडकीच्या गजांतून कागद दाखवत होती.

पुढं काय झालं ते मला कळलं नाही. तेव्हा मोबाइल होते, पण नंबर घ्यायचं दोघींनाही सुचलं नाही. महिनाभर मी पेपर जरा जपून उघडत असे.

आमचे एक जुने हेडमास्तर चहाच्या वेळी म्हणत, “१९५६ साली राज्यं पाडली तेव्हा उदगीर-निलंगा कन्फर्म झाले, आपण बिदरवाले आर.ए.सी.त राहिलो.” लोक हसत. मीही हसत असे, पण ती कोटी मला कधी पूर्ण पटली नाही. आर.ए.सी.त माणूस उभा नसतो. त्याला जागा असते, फक्त दुसऱ्याशी वाटून घ्यायची असते. माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी मराठीत पदं रचली, कन्नडातही रचली, उर्दूतही. त्यांना कुणी विचारलं नसावं तुमचं तिकीट कुठलं म्हणून.

विमानातली गोष्ट वेगळी. धाकटी मुलगी पुढं एका विमान कंपनीत लागली, दिल्लीला. आईवडिलांना स्वस्तात तिकीट मिळतं, पण ते स्टँडबाय. सगळे पैसे भरलेले प्रवासी बसल्यावर एखादी खुर्ची उरली तर तुमची. मी म्हटलं, म्हणजे वेटिंगच की! २०१८ साली शमशाबादच्या विमानतळावर मी सकाळपासून बसले. सकाळचं विमान भरून गेलं. दुपारच्याला शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. त्यांच्या पिशवीवर उदगीरच्या कापड दुकानाचं नाव. माझ्या तोंडून सरळ मराठीच निघालं. त्यांचा मुलगा त्याच कंपनीत. दशमी आणि लसणाची चटणी यांवर आमची दोन तासांची ओळख झाली. मग काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, एकच जागा आहे. त्यांच्या मुलाची नोकरी माझ्या मुलीपेक्षा जुनी, म्हणून यादीत ते वर. ते उठले, पिशवी उचलली, परत खाली ठेवली. म्हणाले, “ताई, गाडी असती तर दोघं बसलो असतो हो.” माझ्या वाट्याचं काही घेतल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी म्हटलं, जावा दादा, विमानात अर्धी खुर्ची नसते. ते दारातून वळून दोनदा पाहत गेले. मला रात्रीच्या विमानात जागा मिळाली. खुर्ची पूर्ण होती, शेजारचे दोघंही कानात बोळे घालून बसले होते, आणि दिल्लीपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही.

आता आमच्याकडे पुष्कळ काही आलं आहे. गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, २०१४ला. ऑक्टोबर २०१७मध्ये बिदर-कलबुर्गी रेल्वे पूर्ण झाली आणि हुमनाबादला स्टेशन झालं. २०१९ला कलबुर्गीला, २०२०ला बिदरला विमानतळ झाला. मोबाइलवर काढलेलं वेटिंगचं तिकीट शेवटपर्यंत झालं नाही तर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, त्यामुळं बेसिनपाशी पेपर अंथरून बसणारा पोरगा आता स्लीपरमध्ये सहसा दिसत नाही. ते नियमाला धरूनच आहे. दाटीवाटीत मीही कमी वैतागले नाही. आर.ए.सी. मात्र आहे तशी आहे.

यंदा उन्हाळ्यात पुन्हा तोच प्रवास केला, पुन्हा आर.ए.सी. समोर पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी. तिनं इंग्रजीत सुरुवात केली, मी हिंदीत उत्तर दिलं, ती कन्नडवर आली. तासाभरानं तिला घरून फोन आला आणि ती अस्सल औरादच्या मराठीत आजीशी बोलू लागली. फोन ठेवल्यावर मी तिच्याकडं नुसतं पाहिलं. ती लाजली. म्हणाली, “बोलता येतं हो, वाचता येत नाही. शाळा कन्नडची, मग इंग्लिश.” आजी पोथी वाचून दाखवते ते कळतं, पण आजीनं पाठवलेली चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, असंही म्हणाली. चिठ्ठी तिच्या पर्समध्येच होती. लाडवांच्या डब्यातली. मी वाचून दाखवली. विशेष काही नव्हतं. लाडू आधी खा, चिवडा टिकतो, परीक्षेला जाताना दही खाऊन जा. तिनं ती दोनदा वाचायला लावली. मग मोबाइल पुढं करून म्हणाली, “आजी, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचा, मी रेकॉर्ड करते.”

दहा वाजता तिनं खुर्च्यांची पाठ पाडली आणि मला म्हणाली, तुम्ही झोपा, मला जागायचंच आहे, पेपर आहे. ती माझ्या पायांशी पुस्तक घेऊन बसली. मध्ये एकदा जाग आली तेव्हा ती चिठ्ठी समोर धरून, कानाला मोबाइल लावून ओठ हलवत होती. पुण्याला कधी उतरली मला कळलं नाही. सकाळी पाहिलं तर माझा चटणीचा डबा रिकामा होता, धुऊन खिडकीशी पालथा घालून ठेवलेला.