सेनापतींचं शांतिपर्व

चांदणी चौक ओलांडला, भूगाव-पिरंगुटची गर्दी मागे पडली आणि पौडच्या पुढे भाताची खाचरं दिसू लागली, की पुण्याहून मुळशीकडे निघालेल्या माणसाचे खांदे आपसूक सैल पडतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागलेली असते. कुणी भाजलेल्या कणसासाठी येतं, कुणी ताम्हिणीतल्या धबधब्यांखाली भिजायला. त्या गर्दीत एक जरा वेगळा प्रवासीही असतो. त्याच्या पिशवीत पुस्तक असतं. शुनर्यू सुझुकींचं, थिक न्यात हान्ह यांचं, नाहीतर ओशोंच्या झेनवरच्या प्रवचनांचं. आठवडाभर हिंजवडीत राबलेला हा माणूस जलाशयाकाठच्या एखाद्या घराच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसतो. मुळशीचा पाऊस आडवा येतो. तासाभरात पानं सादळतात, मुखपृष्ठाचा कोपरा वर वळतो, ओळीवर बोट तसंच राहतं आणि नजर उठून पाण्यावर जाते.

त्याला हसू नये. त्याला जे हवं आहे ते खरं आहे आणि ते पुस्तकातून मिळू शकतं, यावर त्याचा विश्वास आहे. तो विश्वास मराठी मुलखात तरी नवा नाही.

झेन मराठी वाचकापर्यंत आलं ते लांबच्या वळणाने. बौद्ध ध्यानाची ही परंपरा बोधिधर्म नावाच्या भिक्षूने भारतातून चीनला नेली, असं तिचेच अनुयायी मानतात. चीनमधून ती जपानला गेली आणि विसाव्या शतकात इंग्रजी पुस्तकांतून जगभर पसरली. डी. टी. सुझुकींचे निबंध १९२७ पासून येऊ लागले, शुनर्यू सुझुकींचं छोटंसं पुस्तक १९७० साली आलं. पुणेकरांना मात्र झेन घराजवळच भेटलं. १९८८ आणि १९८९ मध्ये कोरेगाव पार्कच्या आश्रमात ओशो रात्रीमागून रात्री रिन्झाई, जोशू, ह्याकुजो, डोगेन अशा गुरूंवर बोलत होते. एप्रिल १९८९ मध्ये त्यांचं शेवटचं प्रवचन झालं, तेही झेनवरच्याच मालिकेतलं. अप्पा बळवंत चौकात आणि रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात ही पुस्तकं पुढे वर्षानुवर्षं मिळत राहिली. आयुष्यात कधी आश्रमाची पायरी न चढलेल्या कितीतरी वाचकांनी ती घरी नेली, खुणा करकरून वाचली आणि मित्रांना दिली.

मुळशीच्या काठी बसून ही पुस्तकं वाचणाऱ्याने आणखी एका वाचकाची ओळख करून घ्यायला हवी. त्याच्याकडे जायचं तर समोरच्या पाण्याची गोष्ट आधी सांगावी लागते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे जलाशय नव्हता. नीला आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यात मावळ्यांची गावं होती, देवळं होती, आंबेमोहोर पिकवणारी खाचरं होती. मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज हवी होती. इथलं पाणी अडवून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात, भिऱ्याला सोडायचं आणि त्या उतारावर वीज तयार करायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. तिच्यापायी पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार होतं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, हजारावर मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबलं. धरणाविरुद्धचा हा सत्याग्रह जगातला अशा प्रकारचा पहिला, असं अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात म्हटलं आहे. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव अशी माणसं त्यात होती. आणि होते पारनेरचे पांडुरंग महादेव बापट. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते या लढ्यापासून.

शाळेच्या पुस्तकातले सेनापती बापट म्हणजे बॉम्ब आणि सत्याग्रह. १८८० चा जन्म, डेक्कन कॉलेज, शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग, तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केल्यामुळे बंद झालेली शिष्यवृत्ती, पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकाकडून मिळवलेली बॉम्बची विद्या. १९०८ मध्ये ती विद्या कागदांवर घेऊन ते परतले. पुढे अलीपूर बॉम्ब खटल्याच्या निमित्ताने त्यांचं नाव पोलिसांपर्यंत पोचलं आणि चार वर्षं ते भूमिगत राहिले. मुळशीत दोनदा तुरुंगवास झाल्यावर १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी धरणाच्या कामाची गाडी रुळांवर अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेऊन सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात गेले. लढा तोवर मोडला होता. सावकार आणि जमीनमालक मोबदल्याकडे वळले होते, कुळांच्या हाती काहीच उरलं नव्हतं. बापट सुटले १९३१ मध्ये. तोवर खोरं पाण्याखाली होतं.

याच बापटांनी क्रांतिकारक आणि पुढे योगी झालेल्या श्रीअरविंदांचा ‘लाइफ डिव्हाइन’ हा महाग्रंथ ‘दिव्य जीवन’ या नावाने मराठीत आणला. त्या पुस्तकाचा आवाका ज्याने एकदा हाताळून पाहिला असेल, त्याला या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. ‘आर्य’ मासिकातून १९१४ ते १९१९ या काळात तो क्रमाने आला आणि १९३९-४० मध्ये पुस्तकरूपाने. इंग्रजीत हजारावर पानं. एकेक वाक्य अर्धं पान चालणारं. मन, प्राण, जडद्रव्य आणि त्यांच्या पलीकडची चेतना यांचा इतका सविस्तर विचार वाचणंच कठीण, भाषांतर तर त्याहून कठीण. शब्दामागे शब्द उभा करत, वाक्याचा श्वास सांभाळत जाणं ही एक प्रकारची बैठकच आहे. अनुवाद करणाऱ्याला पुस्तकाशी घाई करता येत नाही. वाचक नावडतं पान उलटून पुढे जाईल, अनुवादकाला प्रत्येक ओळीपाशी थांबावंच लागतं. बापटांनी त्या ग्रंथात किती काळ घालवला असेल याची कल्पना ‘दिव्य जीवन’ हातात घेतल्यावर येते. तलवार आणि पिस्तुलाच्या गोष्टींपेक्षा त्यांच्या स्वभावाचं अधिक खोल दर्शन इथे घडतं.

अरविंदांनाही मनाची शांती पहिल्यांदा भेटली होती एका मराठी माणसाच्या सोबतीत. डिसेंबर १९०७ संपता संपता सुरतेतलं काँग्रेसचं अधिवेशन उधळलं गेलं. तिथून ते बडोद्याला आले आणि विष्णु भास्कर लेले या योग्याबरोबर सरदार मजुमदारांच्या वाड्यातल्या माडीवरच्या खोलीत तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं ते सोपं होतं. विचार बाहेरून येतात, ते येताना पाहा आणि आत येण्याआधीच परतवून लावा. तिसऱ्या दिवशी अरविंदांचं मन निःशब्द झालं. अडचण एवढीच, की सभा ठरलेल्या होत्या. मन रिकामं असताना भाषण कसं करायचं, असं त्यांनी विचारलं. श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील, असं लेल्यांनी सांगितल्याचं अरविंदांनी पुढे नोंदवून ठेवलं आहे. त्याच जानेवारीत पुणे, मुंबई, नाशिक, अमरावती, नागपूर इथे ते बोलले. स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण, स्वराज्य हेच विषय. मे महिन्यात त्याच अलीपूर खटल्यात त्यांना अटक झाली. अलीपूरच्या कोठडीत घरून मागवलेली गीता आणि उपनिषदं त्यांच्यापाशी होती.

मराठी माणसाच्या आध्यात्मिक वाचनात तुरुंगाचा वाटा किती मोठा आहे, हे इथे लक्षात येतं. टिळकांनी गीतारहस्य लिहिलं मंडालेत. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी भराभर उतरवून घेत. आज घरोघर असलेली ‘गीताप्रवचने’ ती. ज्यांना बाहेरची शांतता नाकारली गेली होती त्यांनी ही पुस्तकं घडवली, आणि ज्यांना ती विकत घेता येते ते आज ती वाचतात. यात वाचकाचा दोष नाही. पण पुस्तक कुठून आलं हे कळलं, तर ते जास्त खोलवर वाचता येतं.

पुस्तकाने माणूस मुळासकट हलतो याचं मराठीतलं सगळ्यात सुंदर उदाहरण गोव्यातलं आहे. सांखवाळ गावचा धर्मानंद कोसंबी नावाचा तरुण, १८७६ चा जन्म. घरचं कुळागर सांभाळत होता, शिक्षण अर्धवट, मन कशातच लागत नव्हतं. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्याने बुद्धाचं चरित्र वाचलं. झालं! १८९९ च्या अखेरीस त्याने घर सोडलं आणि पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा तो बुद्धाच्या शिकवणीचा माग काढत गेला. हे सगळं त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात इतक्या निर्मळपणे सांगितलं आहे, की मराठी वाचकाने झेनच्या कुठल्याही पुस्तकाआधी ते वाचावं. पुढे सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये दिले. अट होती महाराष्ट्रात राहण्याची आणि वर्षाला एक पुस्तक लिहिण्याची. मग हार्वर्ड, मग फर्ग्युसन कॉलेजात पालीचं अध्यापन. ध्यानाच्या पद्धती मराठीत समजावून सांगणारं ‘समाधिमार्ग’ त्यांनी लिहिलं, ‘भगवान बुद्ध’ लिहिलं. आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगातही गेले. ध्यानाच्या आसनावरून उठून मिठागराकडे जाताना आपण काही सोडून चाललो आहोत, असं त्यांना वाटलं नसावं.

बापटांनाही वाटलं नसावं. मुळशीच्या आधीची त्यांची एक गोष्ट इथे आठवते. पारनेरला परतल्यावर ते रस्ते झाडत, शौचकूप साफ करत. १९२० च्या सुमारास मुंबईत झाडूवाल्यांचा संप झाला तेव्हा गळ्यात पेटी अडकवून, भजनं म्हणत ते त्यांच्यासाठी शहरातून फिरले. झेनच्या परंपरेत ह्याकुजोची आठवण सांगतात. हा चीनमधला आठव्या शतकातला गुरू. मठातल्या भिक्षूंनी रोज शेतात, अंगणात अंगमेहनत करावी असा त्याने दंडक घातला होता. तो फार म्हातारा झाला तेव्हा शिष्यांना दया आली आणि त्यांनी त्याची अवजारं लपवून ठेवली. ह्याकुजो त्या दिवशी जेवलाच नाही. अवजारं परत मिळाली तेव्हाच तो पानावर बसला. बापटांनी ही गोष्ट वाचली होती की नाही, याला महत्त्व नाही. त्यांच्या हातातला झाडू आणि ह्याकुजोचं खुरपं एकाच जातीचं आहे.

मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला तैलबैलाच्या दोन भिंती उभ्या आहेत. तिथून वाघजाईच्या घाटाने खाली उतरलं की ठाणाळ्याची लेणी लागतात. सह्याद्रीच्या पोटात कोरलेली तेवीस बौद्ध लेणी, इसवी सनापूर्वीच्या काळातली. आज तिथे पोचायला रान तुडवावं लागतं, म्हणून भिक्षूंनी मुद्दाम एकांत शोधला असं वाटतं. पण हे घाट म्हणजे त्या काळचे हमरस्ते. कोकणातल्या बंदरांवरचा माल बैलांच्या पाठीवर लादून तांडे इथून देशावर चढत. व्यापारी येत, दान देत, उन्हापावसात आसरा मागत. ध्यान करणारी माणसं रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर राहत होती.

जलाशयाकाठी पुस्तक घेऊन बसलेला आपला वाचक उन्हाळ्यात परत आला तर त्याला वेगळी मुळशी दिसते. पाणी उतरलेलं असतं, चिखलाला भेगा पडलेल्या असतात आणि जुन्या गावठाणांच्या खुणा उघड्या पडतात. त्याच्या आजूबाजूला जे भात लावतात, हॉटेलात भांडी घासतात, पर्यटकांना चहा देतात, त्यांतल्या काहींचे पणजोबा त्या खाचरांचे धनी किंवा कुळं होते. शांततेसाठी आलेल्या माणसाने त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, गावाचं जुनं नाव विचारावं, व्होरांचं पुस्तक सुझुकींच्या पुस्तकाशेजारी ठेवावं. त्याने ध्यानाची बैठक मोडत नाही. बापटांची मोडली नव्हती.

१८ मे १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी सत्याग्रहींची पहिली तुकडी पोर्तुगीजांची हद्द ओलांडून आत शिरली. समाजवादी नेते नानासाहेब गोरे पुढे होते. त्यांना पोलिसांनी बेदम मारलं आणि पुढे दहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्या तुकडीत त्यांच्या बरोबरीने चालत होते चौऱ्याहत्तर वर्षांचे सेनापती बापट.