बहारोटचा डोंगर आणि स्मृतीची वर्गणी

पश्चिम रेल्वेच्या घोलवड स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर बोर्डी हे गाव लागते. पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राच्या अगदी उत्तर टोकाला वसले असून येथून गुजरातची सीमा जवळच आहे. किनारा उथळ आणि लांबरुंद. ओहोटीच्या वेळी पाणी इतके दूर सरते की समुद्र कोठे गेला असा प्रश्न नवख्या प्रवाशाला पडावा. किनाऱ्यालगत सुरूची बने, त्यामागे चिकूच्या वाड्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे मानांकन मिळाले. चिकू हे फळ मूळचे मध्य अमेरिकेचे. या मातीत ते रुजविण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ती इराणी कुटुंबेही दूर देशाहून येथे आलेली. फळ परके, माळी परके. परंतु आज दोन्ही या भूमीची ओळख झाली आहेत.

बोर्डीला दानाची परंपरा जुनी आहे. गोखले एज्युकेशन सोसायटीचे सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल आपल्या नावातच एका पारशी घराण्याची आठवण जपून आहे. याच गावात ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये ग्राम बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले व तेथून अंगणवाडीची कल्पना देशभर पसरली. ज्ञानदानासाठी दिलेला पैसा किती दूरवर पोहोचतो याचा दाखला पाहावयाचा असेल, तर बोर्डी-कोसबाडचा हा टापू अवश्य पाहावा.

तथापि येथे ज्या स्थळाचा परिचय करून द्यावयाचा आहे, ते गावाच्या पूर्वेस, डोंगरात आहे. बोर्डीपासून सुमारे आठ किलोमीटरवर बारड डोंगर असून त्याच्या माथ्याजवळ बहारोटची लेणी आहेत. चढण अंगावर येणारी. मध्येमध्ये झाडीची सावली, खाली धरणाचे पाणी, आणि स्वच्छ हवेच्या दिवशी दूरवर समुद्राची रेघ. वर पोहोचल्यावर मात्र शिल्पांनी नटलेली दालने पाहावयास मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. अजिंठा-वेरूळचे वैभव येथे नाही. खडकात कोरलेल्या साध्या गुंफा, पाण्याची टाकी आणि निवांतपणा एवढेच येथे आहे. असे असूनही पारशी-इराणी कुटुंबे श्रद्धेने ही चढण चढतात, आणि त्याचे कारण इतिहासात आहे.

बहमन कैकोबाद संजाणा या धर्मगुरूंनी 1600 च्या सुमारास फारसी पद्यात लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’ या ग्रंथात ती हकीगत येते. इराणमधील राज्य गेल्यावर आपला धर्म वाचविण्यासाठी काही जरथुष्ट्री कुटुंबे प्रथम डोंगराळ मुलखात, मग होर्मुझला आणि तेथून जहाजाने दीव येथे गेली. शेवटी ती संजाणच्या किनाऱ्याला लागली. तेथील राजा जादी राणा याने त्यांना काही अटींवर आश्रय दिला: त्यांनी येथील भाषा बोलावी, स्त्रियांनी येथील पोशाख करावा, शस्त्रे खाली ठेवावीत. दुधात साखर विरघळल्याची सर्वश्रुत कथा या ग्रंथात नाही. ती लोकस्मृतीने नंतर जोडलेली आहे. पुढे काही शतकांनी सुलतान महमूदाच्या सैन्याने संजाणवर स्वारी केली. आश्रयदात्या राजाच्या बाजूने पारशी लढले, पण संजाण पडले. तेव्हा आपला पवित्र अग्नी घेऊन ते बहारोटच्या डोंगरात आले आणि ग्रंथातील उल्लेखानुसार बारा वर्षे तेथे राहिले. पुढे तो अग्नी वांसदा, नवसारी असा प्रवास करीत 1742 मध्ये उदवाडा येथे स्थिरावला. ‘इराणशाह’ या नावाने तो आजही तेथे तेवतो आहे.

बहारोटच्या गुंफेला महत्त्व आहे ते एवढ्यासाठी. समूहाच्या आयुष्यातील सर्वांत बिकट काळ या खडकाने आपल्या पोटात सांभाळला. अभयदानाला दानांमध्ये कोणते स्थान आहे हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. जादी राण्याचे अभय माणसाने दिलेले होते, बहारोटचे अभय डोंगराने.

येथील इराणी कुटुंबांची कथा त्यानंतरची आहे, आणि व्यापारी वर्गाने ती विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. जे जरथुष्ट्री यझ्द आणि केरमान या भागांत मागे राहिले होते, त्यांना एकोणिसाव्या शतकातही जिझिया कर द्यावा लागे व अनेक अपमानास्पद निर्बंध सोसावे लागत. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी त्यांच्या साहाय्यासाठी मंडळ स्थापन केले, निधी गोळा केला आणि 1854 मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना आपला प्रतिनिधी म्हणून इराणला पाठविले. शाळा, डागडुजी, गोरगरिबांना मदत आणि दरबारात अर्ज-विनंत्या, असे ते काम अनेक वर्षे चालले. अखेर 1882 मध्ये शाहने जिझिया रद्द केला. म्हणजे एका कराच्या रद्दतेसाठी अठ्ठावीस वर्षे! एकदाच मोठी थैली देऊन हे साधले नसते. निधीचा ओघ आणि माणसांची चिकाटी वर्षानुवर्षे टिकली म्हणून ते साधले.

स्मृती टिकविण्याच्या कामालाही हाच नियम लागू पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने साठ लाख ज्यूंची हत्या केली. त्यांची स्मृती जपण्यासाठी जेरुसलेम येथे 1953 मध्ये कायद्याने ‘याद वाशेम’ ही संस्था स्थापन झाली. तेथे मृतांची नावे एकेक करून नोंदविण्याचे काम दशकानुदशके चालू असून 48 लाखांहून अधिक नावे जमा झाली आहेत. संकटात ज्यूंना वाचविणाऱ्या अन्यधर्मीयांचा गौरवही ही संस्था 1963 पासून करीत आली आहे. वॉशिंग्टन येथील हॉलोकॉस्ट स्मृती संग्रहालय 1993 मध्ये खुले झाले. त्यासाठी जमीन सरकारने दिली, पण इमारत उभी राहिली ती नागरिकांच्या देणग्यांतून. आजही तेथे प्रवेश विनामूल्य आहे. सरकारी अनुदानाखेरीज लागणारा खर्च देणगीदार आणि दरवर्षी वर्गणी भरणारे सामान्य सदस्य उचलतात. जुने कागद, चपला, छायाचित्रे, वाचलेल्यांच्या मुलाखती या वस्तू नाजूक असतात. त्यांना योग्य तापमान, जाणकार हात आणि अखंड देखभाल लागते. उद्घाटनाच्या दिवशी हार घालून हे काम संपत नाही.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे, असेही मानण्याचे कारण नाही. नाझींच्या छळामुळे युरोप सोडलेल्या काही ज्यूंना मुंबईने आसरा दिला. वॉल्टर कौफमान हे संगीतकार 1934 मध्ये मुंबईत आले. आकाशवाणीची सकाळची ओळखधून त्यांचीच. वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंजर या निर्वासितांनी मुंबईच्या तरुण चित्रकारांना मार्गदर्शन व आधार दिला. युद्धकाळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. अर्थात ही माणसे मुख्यतः सोव्हिएत रशियातील हद्दपारीतून सुटलेली होती. त्यांची कथा वेगळी, पण आसऱ्याची गरज तीच.

आता हिशेबाची गोष्ट. आपल्या समाजात बांधकामाला देणगी सहज मिळते, कारण भिंतीवर नावाची फरशी लागते. छपराची गळती, पहारेकऱ्याचा पगार, माहितीफलक, पायवाटेची दुरुस्ती यांना देणगीदार मिळत नाही. उदाहरणादाखल 10 लाखांचा कायम निधी 7 टक्के व्याजाने ठेवला तर वर्षाला 70,000 रुपये हाती येतात, म्हणजे महिन्याला 6,000 रुपयांहून कमी. एका पहारेकऱ्याचाही पगार त्यातून भागत नाही, आणि महागाईने ती रक्कम दरवर्षी झिजते. उलट 500 कुटुंबांनी वर्षाला 1,000 रुपये वर्गणी दिली तर 5 लाख जमतात. एवढे व्याज मिळविण्यास 71 लाखांहून अधिक ठेव लागेल. शिवाय वर्गणीदार हा केवळ पैसे देणारा नसतो. तो वार्षिक अहवाल मागतो, मुलाबाळांना घेऊन स्थळ पाहावयास जातो, हलगर्जी दिसल्यास विचारतो. ठेवीला डोळे नसतात, सदस्याला असतात. शहाण्या संस्थेने म्हणून दोन्ही ठेवावीत: संकटकाळासाठी कायम निधी आणि रोजच्या खर्चासाठी वर्गणी.

देणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत. संस्थेची नोंदणी व लेखापरीक्षित ताळेबंद पाहावा. पावतीवर ‘देणगी’ लिहिले आहे की ‘वर्गणी’ हे वाचावे. करसवलतीच्या दृष्टीने दोहोंत फरक पडू शकतो. 2,000 रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिल्यास तिच्यावर प्राप्तिकराची वजावट मिळत नाही, नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही, आणि परदेशी संग्रहालयास थेट दिलेल्या पैशावरही ती सवलत मिळत नाही. तरीही द्यावेसे वाटले तर ते खरे दान समजावे.

मात्र स्मृतीचे काम सोयीच्या आठवणींवर थांबत नाही. बोर्डीच्या शेजारीच तलासरी तालुका आहे. याच पट्ट्यात वारली समाज पिढ्यान्‌पिढ्या वेठबिगारीत राबला. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी माणूस आयुष्यभर ‘लग्नगडी’ म्हणून सावकाराच्या दारी बांधला जाई. मे 1945 मध्ये झरी येथे वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा लढा नोंदविला आहे. या कथेतील जमीनदार आणि सावकार निरनिराळ्या समाजांचे होते. व्यापारी घराण्यांनी ती वाचताना आपल्या जुन्या वहीखात्यांची आठवण ठेवणे उचित होय. दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाच्या स्मृतीला दान देणे सोपे आहे. ज्या अन्यायात आपल्या वर्गाचा हात होता त्याच्या स्मृतीला दान देणे कठीण, परंतु अधिक पुण्याचे. वॉशिंग्टनचे संग्रहालयही आपल्या देशाने निर्वासितांना किती दारे बंद ठेवली हे लपवीत नाही.

सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी दोन दिवस पुरेसे आहेत. पावसाळा संपल्यावर, थंडीत जावे. पहिल्या दिवशी सकाळी लवकर, स्थानिक वाटाड्या सोबत घेऊन बहारोट चढावे. पाणी बरोबर न्यावे, कचरा परत आणावा, भिंतीवर काही लिहू नये. वाटाड्या बहुधा वारली असेल. त्याचे मोल घासाघीस न करता द्यावे आणि त्याच्या गावाची हकीगतही ऐकावी. सायंकाळ बोर्डीच्या किनाऱ्यावर घालवावी. दुसऱ्या दिवशी कोसबाड पाहून घोलवडहून गाडीने दोन स्थानके पुढे संजाणला जावे. तेथे पारशी समाजाने 1920 मध्ये उभारलेला कीर्तिस्तंभ आहे. आश्रय मिळाल्याबद्दलची कृतज्ञता एका समाजाने हजारांहून अधिक वर्षांनी दगडात कोरून ठेवली आहे. उदवाड्याच्या अग्निमंदिरात इतरांना प्रवेश नसतो, त्याचा मान राखावा. परत आल्यावर घरच्या वार्षिक दानाच्या यादीत स्मृती जपणाऱ्या एखाद्या संस्थेच्या वर्गणीची एक ओळ वाढवावी, आणि ती ओळ दरवर्षी भरण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्या कमावत्या व्यक्तीकडे सोपवावे.