परदेशी जाणाऱ्याचे कपडे

मुरगावातून आखाती देशांत नोकरीस निघालेले तरुण निरोप घेण्यास आमच्याकडे येतात. कामावरचा गणवेश बहुधा तिकडेच मिळतो. इतर वेळचे सदरे मात्र घरूनच जातात, आणि तेथेच माउलींची निवड चुकते. न चुरगळणारे, झकपक सदरे पेटीत भरले जातात.

आपल्याकडील हवा दमट. घाम वाळत नाही, म्हणून अंग उघडे टाकावेसे वाटते. तिकडची गोष्ट निराळी. कुवेतमधील मित्रिबाह येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. अशा कोरड्या उष्म्यात हवाच त्वचेहून अधिक तापलेली असते. उघडे अंग निवत नाही, उलट भाजते. तेथे पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा, ऐसपैस सदराच हितकर.

सुती धागा साधारण हवेत आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. तथापि केवळ 'सुती' म्हणून भागत नाही. जाड जीनही सुतीच असते, पण वारा अडविते. यास्तव कापड ओठांशी धरून फुंकर घालावी. पलीकडे तळहातास वारा लागला पाहिजे. मग ते उजेडात धरावे. हात स्पष्ट दिसला, तर ऊनही तितकेच आत शिरेल हे ओळखावे.

आणि एक: कोरड्या हवेत घाम दिसण्यापूर्वीच उडून जातो. म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी पीत जावे, हेही मुलास बजावून सांगा. उत्तम सदराही पाण्याची उणीव भरून काढीत नाही.