थोरला भाऊ आणि भैरवी

गेल्या पावसाळ्यापासून आमचा पेटीवाला मला न विचारताच काळी दोनऐवजी पांढरी एक धरू लागला आहे, आणि त्याचे हे सौजन्य मला बोचते. पाळकाचे दप्तर, म्हणजे बाप्तिस्म्याची नोंदवही, विवाहाचे रजिस्टर, कारभारी मंडळाची इतिवृत्ते, मी तरुण सहपाळकाच्या हवाली केले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. कीर्तन हवाली करण्याची वेळ आली तेव्हा मात्र उधळ्या पुत्राच्या आख्यानाचे बाड मी दोन वेळा काढून दोन वेळा पेटाऱ्यात परत ठेवले.

या आख्यानाने मला जन्मभर छळले आहे. दूर देशीच्या उधळपट्टीला कटाव आहे, डुकरांच्या शेंगांपाशी साकी आहे, आणि म्हाताऱ्या बापाचे धावणे तर आमच्या नगरकडच्या श्रोत्यांना समजावून सांगावेच लागत नाही. गावचा वयोवृद्ध पाटील धोतराचा सोगा हाती धरून भर वेशीतून धावतो म्हणजे त्याने काय काय टाकून दिले, हे पारावर बसणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. या ठिकाणी मी चष्मा काढतो. चष्मा धुरकटलेला नसतो. तो काढून बायकांच्या बाजूला पाहिले म्हणजे कुणाचा पदर डोळ्यांना गेला ते दिसत नसले तरी, पाळकसाहेबांचे डोळे भरले, एवढे त्यांना दिसते.

अडचण येते ती पुढे. थोरला भाऊ शेतावरून येतो, वाद्यांचा आवाज ऐकून अंगणातच थांबतो, बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो, आणि लूक तेथेच लेखणी खाली ठेवतो. तो आत गेला की नाही, हे शुभवर्तमानात नाही. कीर्तनाला मात्र शेवट लागतो. भैरवी लागते, आणि भैरवी लागली की सर्व भांडणे मिटलीच पाहिजेत अशी आमच्या कानांची शतकानुशतकांची समजूत आहे. मी त्या भावाला आत नेऊन पाहिले. आख्यान गोड झाले आणि खोटे झाले. मेजवानीपाशीच थांबून त्याला वगळून पाहिले, तर ज्या परुश्यांना उद्देशून दाखला दिला तेच नाहीसे झाले. भैरवीची लय विलंबित करून त्याला उंबरठ्याशी उभा केला, तर तबलजीला वाटले की मी ओळ विसरलो.

आमचे वृद्ध सभासद म्हणतात की पडद्यावर गीतांचे शब्द, ड्रम आणि इंग्रजीवरून उतरवलेली कोरसे यांनी उपासनेची परंपरा बुडाली. मला ते अर्धेच पटते. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरास आले, त्याच्याबरोबर परदेशी चालीही आल्या, आणि त्यांनाच आज हे लोक परंपरा म्हणून कवटाळतात. वस्तुतः १६१६ सालीच फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराणाच्या सुमारे अकरा हजार ओव्या रचून मार्ग दाखविला होता, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग लिहून तो पुन्हा आमच्या अंगणात आणला. कोरसांविषयी माझी तक्रार निराळी आहे: एकच ओळ दहा वेळा म्हणून ती भाव उत्पन्न करतात, पण त्यांत कुणी अंगणात अडून उभा राहत नाही. गावाबाहेरच्या नव्या प्रार्थनागृहांत गर्दी का होते, हे त्यावरून मला कळते. तिथे सगळे केव्हाच आत गेलेले असतात. त्या गर्दीचा मला हेवा वाटत नाही, असे मी म्हणणार नाही.

अखेर कापणीच्या सणाला ते बाड सहपाळकाने मागून घेतले. त्याचा आवाज पातळ, निरूपण आखूड, आणि कटाव तर त्याने वर्तमानपत्र वाचावे तसा वाचला. बाप धावला तेव्हा एकही पदर हलला नाही, याची मी समाधानाने नोंद घेतली. परंतु बापाची मनधरणी संपताच त्याने चिपळ्या खाली ठेवल्या आणि भैरवी न म्हणता सरळ आशीर्वाद दिला. मंडळी गोंधळून बसून राहिली. जेवणाच्या पंगतीत एका आजीबाईंनी पानावरचा हात आखडून त्याला विचारले, “साहेब, मग गेला का तो आत?” शेजारचा शेतकरी म्हणाला, “कसा जाईल? राबला कोण?” त्यावर पंगतीत वाद माजला, दोन सख्खे भाऊ, ज्यांचा बांधावरून कज्जा चालू आहे, ते मात्र गप्प जेवत होते.

माझ्या कीर्तनानंतर लोक डोळे पुसून जेवायला बसत, आणि मला कधी कुणी काही विचारले नाही. सहपाळक माझ्याकडे आला, काही बोलावे म्हणून थांबला. चिपळ्या धरण्याची त्याची रीत चुकते, एवढेच मी त्याला सांगितले. आणि ती खरोखरच चुकते.