हत्तीची उशी

अक्कलकोटकडच्या एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले होते : 'आजीची उशी हत्तीची आहे.' आम्ही ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचले. वर्ग हसला, आम्हीही हसलो. तिच्या घरची भाषा कन्नड, आणि कन्नडात 'हत्ति' म्हणजे कापूस, हे एका सहकाऱ्याने मागाहून सांगितले. आपला हत्ती संस्कृत 'हस्तिन्'पासून, प्राकृत 'हत्थी'च्या वाटेने आलेला. कन्नड 'हत्ति' द्राविडी कुळातली. तमिळमधली 'परुत्ति' तिची सख्खी बहीण. जुन्या कन्नडातल्या आरंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला, आणि दोन अनोळखी शब्द जवळजवळ एकाच उच्चारात येऊन उभे राहिले. (भाषाशास्त्र शिकवणाऱ्यांस हे ठाऊक नसावे!) पुढच्या तासाला आम्ही दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले, चूक कबूल केली. तिने मान वर केली नाही.